जोडीदार विचारून ठरवावा

डॉक्टरांनी माझ्या मेहुण्याला 'पार्टनर' अशी हाक मारली, तेव्हा मी खाली वाकून बुटाची नाडी बांधत होतो. खरं तर नाडी बांधून झाली होती. तरी मी ती सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली, कारण त्या क्षणी मान वर करायची माझ्या मनाची तयारी नव्हती.

मेहुणा माझा. म्हणजे माझ्या बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये त्याला आणला मी, रॅकेट कुठून धरायची ते शिकवलं मी, आणि 'हे आमचे मेहुणे' अशी ओळखही मीच करून दिली म्हणून सगळा हॉल त्याला 'मेहुणे' म्हणतो. त्याचं खरं नाव तिथे कोणाला ठाऊक असेल असं मला वाटत नाही. रोज सकाळी डबल्स खेळायला आम्ही दोघं उतरायचो. तो पुढे, मी मागे. कोण कोणाबरोबर खेळणार हा प्रश्नच नसायचा. सूर्याला कोणी पहाटे विचारायला जातं का, की बाबा रे, आज कुठल्या बाजूने उगवतोयस?

आणि मग हे दातांचे डॉक्टर आले.

डॉक्टरांविषयी मला वैयक्तिक काही म्हणायचं नाही. माणूस चांगला आहे. तक्रार तीच आहे. पन्नाशी उलटली तरी पोट नाही. मोजे पांढरे. आता पांढरे मोजे माझ्याकडेही आहेत, पण यांचे पांढरे राहतात. शटल रेषेच्या आत पडलं की बाहेर अशी शंका आली, की डॉक्टर हसत हसत स्वतःच्या विरुद्ध निकाल देऊन टाकतात. हा निव्वळ दिखाऊपणा झाला. अशा वेळी आधी थोडा वाद घालायचा, मग 'बरं, तुम्ही म्हणता तर तसं' असं तोंड वाकडं करून म्हणायचं, आणि दुसऱ्या दिवशी चहाला पुन्हा तो विषय काढायचा, अशी आमच्या हॉलची रीत होती. डॉक्टरांनी ती आल्या आल्या बिघडवली.

शिवाय कौतुक. मेहुण्याने शटल जाळ्यात मारलं तरी डॉक्टर म्हणणार, "वा! कल्पना सुंदर होती!" कल्पना? माझ्या मेहुण्याला कोर्टावर आजवर एकही कल्पना सुचलेली नाही. सुचू नये म्हणून तर मी मागून सतत सांगत असतो.

"भाऊजी, आज मी डॉक्टरांबरोबर उतरतो हं," मेहुणा म्हणाला आणि निघूनही गेला. त्या 'आज'चे पुढे आठवडे झाले.

माझ्या वाट्याला मुख्याध्यापिका बाई आल्या. या आमच्याच मजल्यावर, आमच्या समोरच्या दारात राहतात. शाळेतून निवृत्त झाल्यात, असं शाळा म्हणते. कोर्टावर त्या एका जागी उभ्या राहतात. शटल त्यांच्यापाशी आलं तर मारतात, नाही आलं तर त्याच्याकडे अशा बघतात की शटलला पालकांना घेऊन यावंसं वाटावं. त्यांच्या मागे, पुढे, डावीकडे आणि उजवीकडे मी धावायचो, आणि धावता धावता शेजारच्या कोर्टाकडे बघायचो. तिथे मेहुणा हसत असायचा. माझ्याबरोबर खेळताना तो कधी हसला नव्हता. आम्ही गंभीर खेळाडू होतो.

घरी तरी विषय संपावा! बायको जेवायला वाढताना म्हणाली, "धाकट्याची दाढ दुखत होती ना, डॉक्टरांनी एका फटक्यात बरी केली म्हणे."

"दाढ दुखत होती? कधीपासून?"

"बरेच दिवस."

माझा घास हातातच राहिला. इतकी वर्षं हा माणूस रोज सकाळी माझ्यापुढे हातभर अंतरावर उभा असतो, आणि दाढेबद्दल मला अक्षर नाही! दाढेसारखी घरातली गोष्ट परक्या माणसाला दाखवली!

"ते दातांचे डॉक्टर आहेत," बायको म्हणाली. "तुम्हाला दाखवली असती तर काय करणार होतात?"

प्रश्न करण्याचा नव्हता. प्रश्न सांगण्याचा होता. पण हे बायकोला समजावण्यात अर्थ नव्हता, कारण गेल्या आठवड्यात तिनेही डॉक्टरांकडून दात साफ करून घेतले होते आणि ती हल्ली विनाकारण हसत होती.

अशा परिस्थितीत हॉलच्या दारावर एक सूचना लागली. हॉल वापरणाऱ्या प्रत्येक गटाने आपापली आचारसंहिता तयार करून कार्यालयात दाखल करावी, अन्यथा त्यांची सकाळची वेळ दुसऱ्या गटाला देण्यात येईल. सूचनेची भाषा, मला मान्य करावं लागेल, उत्तम होती. मी स्वतः कचेरीत परिपत्रकं लिहितो. आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये 'सदर लिफ्टचा वापर उभे राहूनच करावा' ही पाटी आहे, ती माझी. पण 'अन्यथा' हा शब्द इतक्या अचूक जागी बसवलेला मी क्वचितच पाहिला आहे. त्या लेखकाचाही मला थोडा राग आला.

सगळे दारापाशी जमले. "आता हे लिहिणार कोण?" बँकेतल्या बाईंनी विचारलं. या आमच्या गटातल्या सगळ्यात चपळ खेळाडू. बँकेत रोखपाल आहेत, आणि शटलही नोटेसारखं झटकन उचलतात.

मी घसा साफ केला. पण मी बोलायच्या आतच डॉक्टर म्हणाले, "आपल्यात लिहिणारे एकच आहेत!" आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणजे जे काम न्यायाने माझंच होतं तेही मला यांच्या हातून घ्यावं लागलं!

तरी मी ते घेतलं. कारण खांद्यावर तो हात असतानाच माझ्या डोक्यात पहिला नियम तयार झाला होता: 'ठरलेल्या जोड्या कोणीही मोडू नयेत.'

त्या संध्याकाळी मी लिहायला बसलो तो एका बैठकीत सगळी संहिता हातावेगळी केली. इतका ओघ मला लिफ्टच्या वेळीही लाभला नव्हता. 'नवीन सभासदाने पहिले वर्ष प्रामुख्याने निरीक्षण करावे. खेळताना अवाजवी स्तुती करू नये. दुसऱ्याच्या नातेवाइकास परस्पर पार्टनर, दोस्त इत्यादी संबोधू नये. स्वतःविरुद्ध निकाल देऊन इतरांना खजील करू नये.' कागद बायकोपुढे ठेवला आणि मी खिडकीबाहेर बघत उभा राहिलो, कारण कौतुक ऐकताना समोर बघणं बरं दिसत नाही.

"हे सगळं डॉक्टरांविषयीच आहे," बायको म्हणाली.

"छे! सर्वसाधारण आहे. नियमात कोणाचं नाव नसतं."

"'कोर्टाच्या आवारात कोणाच्याही तोंडात डोकावू नये.' हे सर्वसाधारण?"

"उद्या कोणीही डोकावेल."

तिने कागद परत दिला आणि आत निघून गेली. आतून हसण्याचा आवाज आला. दात साफ केल्याचा परिणाम, दुसरं काय.

भाषा तपासायला मी समोरच्या दारात गेलो. मुख्याध्यापिका बाईंनी चष्मा लावला, लाल पेन घेतलं, आणि मी उभाच राहिलो. बस म्हणेपर्यंत त्यांच्यासमोर कोणी बसत नाही.

"प्रत्येक वाक्य 'नये'वर संपतंय," त्या म्हणाल्या. "काय करावं ते कुठे आहे?"

"नको ते केलं नाही, की उरतं ते करावं, असा विचार आहे."

"मी तीस वर्षं वर्गाला 'बोलू नये' सांगितलं. वर्ग बोलला. शेवटी एकदा 'ऐकावं' असं सांगून पाहिलं."

"मग?"

"तरी बोलला. पण मला बरं वाटलं." असं म्हणून त्यांनी माझी सगळी 'नये' लाल केली.

जिन्यात वकीलसाहेब भेटले. हे तळमजल्यावर राहतात, यांना बॅडमिंटनमधलं काही कळत नाही, आणि त्यामुळे त्यांचं मत अगदी निःपक्ष असतं. त्यांनी कागद तिथेच भिंतीला टेकवून वाचला. "व्याख्या कुठे आहेत?" ते म्हणाले. "जोडी, जोडी म्हणताय, पण जोडी म्हणजे काय? उद्या दोन माणसं नुसती शेजारी उभी राहिली तर ती जोडी होते का? थांबा, माझ्याकडे तयार मसुदा आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो दिला. 'जोडी म्हणजे दोन सज्ञान व्यक्तींनी, परस्परांच्या संमतीने, सुखदुःखात एकमेकांची साथ देण्याच्या इराद्याने केलेले ऐक्य.'

"वकीलसाहेब, हे जरा..."

"दुसऱ्या कामातून घेतलंय. पण पक्कं आहे. कोर्टात टिकतं."

'कोर्टात' या शब्दाने मी भुललो. मला वाटलं, आमच्या कोर्टात.

बायकोने ते वाचलं आणि भावाला लगेच फोन लावला. "अरे, तुझे भाऊजी तुझ्याशी लग्न लावतायत," असं तिने सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं. पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही, पण फोन बराच वेळ चालला, आणि मध्येच बायको हळू आवाजात म्हणाली, "तू स्वतः सांग ना त्यांना." काय सांगायचं ते मी विचारलं नाही. मला काही मान आहे की नाही?

कचेरीतून अर्धी रजा टाकून मी हॉलच्या कार्यालयात गेलो. तिथले साहेब म्हणजे तो 'अन्यथा' लिहिणारा माणूस. टेबलावर काचेखाली त्यांनी स्वतःचीच जुनी परिपत्रकं लावलेली होती. मीही तसंच करतो. त्यामुळे मला तो माणूस पहिल्या नजरेतच असह्य झाला.

"प्रयोजन कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"नियम आहेत की."

"नियम कशासाठी?"

"शिस्तीसाठी."

"शिस्त कशासाठी?"

साहेब खुर्चीत मागे रेलले. "आचारसंहिता म्हणजे शिक्षांचा जाहीरनामा नव्हे. आपण एकत्र का आलो आणि एकत्र राहायचं तर एकमेकांना काय देणं लागतो, याची कबुली म्हणजे आचारसंहिता." आणि मग काचेखाली बोट दाखवून, "परिच्छेद दोन. माझाच आहे."

परिच्छेद चांगला होता. मी मुद्दाम तो पूर्ण वाचला नाही.

"शिवाय हे सभासदांनी मिळून ठरवलेलं दिसत नाही. एकहाती लिहिलेलं चालणार नाही. बैठक घ्या, सगळ्यांच्या सह्या आणा. आणि हे काय? 'सुखदुःखात एकमेकांची साथ'?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हा क्रीडागट आहे की विवाह मंडळ?"

शेजारच्या टेबलावरचे लोक हसले. मी कागद गोळा केले आणि 'आभारी आहे' असं अत्यंत थंड आवाजात म्हणून निघालो. बाहेर आल्यावर लक्षात आलं की छत्री आतच राहिली. ती आणायला मी परत गेलो नाही. ती अजून तिथेच असेल.

तर बैठक. खेळ संपल्यावर सगळे हॉलच्या भिंतीकडच्या बाकांवर बसले. बसताना मेहुणा डॉक्टरांच्या शेजारी बसला. माझ्या शेजारी जागा होती, तिथे कोणीतरी पाण्याची बाटली ठेवली. मुख्याध्यापिका बाईंनी सूत्रं हाती घेतली, म्हणजे कोणी दिली नाहीत, पण त्या उभ्या राहिल्यावर बाकीच्यांचं बोलणं आपोआप थांबलं.

"आधी प्रयोजन," त्या म्हणाल्या. "प्रत्येकाने सांगायचं. आपण इथे कशासाठी येतो?"

बँकेतल्या बाई म्हणाल्या, "बँकेत गिऱ्हाइकं ओरडतात, घरी सासूबाई ओरडतात. कोणी ओरडणार नाही अशी एक जागा असावी म्हणून मी येते." त्या असं म्हणाल्यावर सगळे एकदम जाळ्याकडे बघायला लागले. जाळ्यात काही नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "मी दिवसभर लोकांशी बोलतो, पण त्यांचं तोंड उघडं असतं आणि त्यात माझे हात असतात. उत्तर कोणाला देता येत नाही. कोणीतरी उलट बोलावं म्हणून मी येतो."

सगळे हसले. मलाही हसू आलं, ते मी खोकल्यात लपवलं. या माणसाचं एकटेपणसुद्धा लोकांना आवडावं असं!

मेहुणा म्हणाला, "मी... सवय म्हणून येतो. भाऊजी आणतात म्हणून."

मग माझी पाळी आली. मी का येतो? खरं उत्तर माझ्या अगदी ओठांवर होतं. सकाळच्या त्या तासात मी आणि हा मुलगा एका बाजूला असतो, आणि सगळं जग जाळ्याच्या पलीकडे. बाकी दिवसभर मी कोणाच्याच बाजूला नसतो. कचेरीत टेबल असतं, घरी वर्तमानपत्र. हे सगळं मला सांगता आलं असतं. मी म्हणालो, "आरोग्यासाठी."

"छान," मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, आणि त्यांनी ते लिहूनही घेतलं नाही.

मग नियम. माझा पहिला नियम वाचला गेला. "ठरलेल्या जोड्या," बँकेतल्या बाई म्हणाल्या. "पण ठरवल्या कोणी?" नियम गेला. 'अवाजवी स्तुती' गेली. 'निरीक्षण' गेलं. 'तोंडात डोकावू नये' वाचल्यावर डॉक्टर स्वतःच एवढे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं, आणि ते पाणी मेहुण्याने दिलं.

"खेळताना जोडीदाराशी शांतपणे बोलावं. ओरडू नये," बँकेतल्या बाईंनी सुचवलं.

"अगदी बरोबर!" मी जोरात म्हणालो. मला ते मनापासून पटलं. काही लोक फार ओरडतात. नियम एकमताने मंजूर झाला, आणि इतक्या झटपट की मला आश्चर्य वाटलं. सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. निदान मला तेव्हा ते कौतुक वाटलं.

"जो ओरडेल त्याने एक डाव बाकावर बसावं," मी पुढे जोडलं. नियमाला दात हवेत. तेही मंजूर झालं.

शेवटी मेहुण्याने हात वर केला. तो बैठकीत कधी बोलत नाही, त्यामुळे हात अर्धाच वर गेला. "जोडीदार," तो म्हणाला, "रोज विचारून ठरवावा."

"म्हणजे?" मी म्हणालो.

"म्हणजे, भाऊजी... विचारून. 'खेळतोस का' असं. समोरच्याला 'हो' म्हणता यावं. किंवा 'नाही'."

तो माझ्याकडे न बघता रॅकेटच्या दोऱ्यांशी चाळा करत होता. फोनवर बायको म्हणाली होती ते हेच, हे माझ्या तिथे लक्षात आलं. मुख्याध्यापिका बाईंनी नियम स्वच्छ अक्षरात लिहिला, आणि सगळ्यांच्या सह्या झाल्या. सगळ्यात वळणदार सही डॉक्टरांची होती. डॉक्टर असून वाचता येत होती!

संहिता कार्यालयात मंजूर झाली. साहेबांनी तिच्यात एकही चूक काढली नाही, हेही मला लागलंच. ती हॉलच्या भिंतीवर चिकटवली गेली आणि तिच्याखाली रोज सकाळी डॉक्टर मेहुण्याला विचारू लागले, "मेहुणे, आज खेळाल माझ्याबरोबर?" जसं काही असं विचारायला काहीच लागत नाही. मेहुण्याचा चेहरा असा फुलायचा, जणू कोणी त्याला सोन्याचं कडं देतंय.

मी विचारणार होतो. पण काय विचारायचं? ज्याला रॅकेट धरायला शिकवलं त्याला जाऊन 'खेळतोस का' म्हणायचं? आणि तो 'नाही' म्हणाला तर? मुख्याध्यापिका बाईंच्या चारही दिशांना मी आणखी काही दिवस धावलो. गुडघा बोलायला लागला.

"विचारा ना एकदा," बायको म्हणाली. "तोंड झिजणार आहे का?"

"त्याला कळत नाही का मला त्याच्याबरोबर खेळायचंय ते?"

"कळतं. पण कळणं वेगळं आणि कोणी विचारणं वेगळं. मी तुम्हाला चहा करून देते ते तुम्हाला हवा असतो हे कळतं म्हणूनच. तरी एखाद दिवशी 'तू घेतेस का' असं विचारलंत तर मला आवडेल."

"तू घेतेस का?" मी लगेच विचारलं.

"आता नको," ती म्हणाली. पण खूश दिसली.

त्या बळावर दुसऱ्या दिवशी मी हॉलमध्ये मेहुण्यापुढे उभा राहिलो. वाक्य घरून तयार करून नेलं होतं, पण ऐन वेळी कचेरीची सवय आडवी आली. "आजच्या खेळात माझ्यासोबत सहभागी होण्याबाबत आपली अनुकूलता कळवावी," मी म्हणालो.

मेहुण्याने डोळे मोठे केले. "अरेच्चा, भाऊजी! आज डॉक्टरांना हो म्हटलंय हो. उद्या?"

"उद्या," मी म्हणालो, आणि वळून चालू लागलो. त्याला माझा चेहरा दिसू नये म्हणून. आनंद झाला होता, पण 'उद्या'चा थोडा अपमानही वाटत होता. दोन्ही एकदम चेहऱ्यावर आलं की माणूस बावळट दिसतो.

उद्या उजाडला. समोर डॉक्टर आणि बँकेतल्या बाई. जाळ्याच्या अलीकडे मेहुणा पुढे, मी मागे. मी भिंतीवरच्या कागदाकडे एकदा पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. आज हा हॉल बघणार होता की शांत कोण असतं. 'शांतपणे बोलावं' असंही त्यात होतं, पण मला शांतपणे बोलता येईल याची खात्री नव्हती, म्हणून मी मुळातच बोलायचं नाही असं ठरवलं.

पहिलं शटल मेहुण्याने सरळ डॉक्टरांच्या रॅकेटवर नेऊन दिलं. मी गप्प. दुसरं त्याने सोडलं, ते आत पडलं. मी गप्प. बाहेर जाणाऱ्या तिसऱ्यावर त्याने उडी मारली. माझ्या घशात शब्दांची रांग लागली होती. मी ती गिळली. मेहुणा मात्र दर शटलनंतर मागे वळून बघायला लागला.

"भाऊजी, बरं नाहीये का तुम्हाला?"

मी मान हलवून बरं असल्याचं सांगितलं.

"मग बोलत का नाही?"

मी रॅकेटने भिंतीकडे दाखवलं.

पुढच्या शटलला तो मागे सरकायच्या ऐवजी पुढे गेला, शटल त्याच्या डोक्यावरून गेलं, आणि त्याने एकदम रॅकेटच खाली टेकवली. "अहो, असं काय करताय! मला कसं कळणार कुठे जायचं? डॉक्टर सगळ्यालाच सुंदर म्हणतात, गेले कित्येक दिवस मी चुकतोय की बरोबर खेळतोय तेच मला कळलेलं नाही. निदान तुम्ही तरी सांगा!"

"सांगू?"

"सांगा!"

त्याच क्षणी पलीकडून शटल आलं, उंच, मागे पडणारं, आणि तो पुन्हा पुढेच निघाला.

"अरे मागे! मागे हो, गाढवा! कोपर वर! वर!"

माझा आवाज छताला लागून परत आला. मेहुणा मागे गेला, कोपर वर गेलं, आणि शटल डॉक्टरांच्या पांढऱ्या मोज्यांपाशी असं आदळलं की डॉक्टर हललेही नाहीत. मेहुणा दोन्ही हात वर करून ओरडला. मीही ओरडलो.

बाजूच्या बाकावरून मुख्याध्यापिका बाई उठल्या. त्यांनी काही म्हटलं नाही, फक्त बोट भिंतीकडे केलं आणि मग बाकाकडे.

"अहो, जाऊ द्या," डॉक्टर जाळ्यापाशी येत म्हणाले. "घरातल्या घरात आहे. माझी काही हरकत नाही."

त्यांची हरकत नसणं हे मला सगळ्यात जास्त झोंबलं. "नियम तो नियम," मी म्हणालो. "बाकावर बसायचं मीच सुचवलंय." आणि मान ताठ ठेवून बाकावर जाऊन बसलो. मागून डॉक्टर म्हणाले, "मग मेहुणे, तुमच्याकडून मी येतो. खेळाल माझ्याबरोबर?"

मी बुटाकडे बघितलं. आता काय होणार ते मला ठाऊक होतं.

"नाही," मेहुणा म्हणाला. "आज नको, डॉक्टर. थँक्यू." आणि टॉवेल उचलून माझ्या शेजारी येऊन बसला. घाम निथळत होता. नियमाप्रमाणे त्याने बसायचं काही कारण नव्हतं. मी ते त्याला दाखवून दिलं नाही.

"तो शॉट बघितलात?" तो म्हणाला.

"कोपर अजून जरा वर हवं होतं."

"हो ना? मलाही वाटलं." तो समाधानाने मागे रेलला.

डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मुख्याध्यापिका बाईंना कमरेत किंचित वाकून विचारलं, "बाई, खेळाल माझ्याबरोबर?" बाई कोर्टावर जाऊन आपल्या नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या; जाळ्यापलीकडे बँकेतल्या बाई एकट्याच दोघांना पुरेशा होत्या. पहिल्याच सर्व्हिसला त्यांचं शटल जाळ्याच्या पार खाली गेलं.

"वा!" डॉक्टर म्हणाले. "कल्पना सुंदर होती!"

शेजारी मेहुणा ताठ झाला. "हे मला म्हणायचे," तो म्हणाला.

"सगळ्यांनाच म्हणतात."

"आणि खेळाल का, हेसुद्धा अगदी तसंच विचारलं. तोच आवाज." त्याचा चेहरा पडला होता. तो चेहरा मी ओळखला. गेले कित्येक आठवडे दाढी करताना मी तोच बघत होतो. समोर डॉक्टर बाईंच्या मागे, पुढे, डावीकडे, उजवीकडे धावत होते आणि त्यांच्या मोज्यांवर पहिल्यांदाच काळे डाग पडले होते. त्यांनी एका कोपऱ्यातून अशक्य शटल उचललं. इतका सुरेख शॉट मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. मला एवढं उदार वाटलं की मी चक्क टाळ्या वाजवल्या.

मेहुण्याने माझा हात धरून खाली ओढला. "टाळ्या कशाला वाजवताय?" तो म्हणाला. "भाऊजी, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?"